चला, पवनारला जाऊ

मंडळी, आजचा धडा एस. टी. च्या पाटीपासून सुरू करू.

आपल्या जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावे आहेत. एक आपली सिंदी मेघे. ती वर्ध्याला लागूनच आहे. दुसरी सिंदी रेल्वे. ती सेलू तालुक्यात, नागपूरच्या वाटेवर आहे. तिथला तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. पाटीवरचे ‘सिंदी’ एवढेच वाचून जो गाडीत बसला, तो घरी पोचायचा तो भलत्याच गावी जाऊन पोचेल! म्हणून पाटी शेवटपर्यंत वाचावी. ‘मेघे’ हा शब्द लहान आहे. म ला एक मात्रा, घ ला एक मात्रा. पण तेवढ्या दोन अक्षरांवर घरची वाट ठरते.

आज मात्र आपल्याला ‘पवनार’ ही पाटी वाचायची आहे. वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की सुमारे ८ किलोमीटरवर पवनार लागते. धाम नदीच्या काठचे हे गाव फार जुने आहे. दूरदूरच्या देशांतले लोक ते पाहायला येतात. आणि आपण? आपल्यापैकी कितीजण तिथे केवळ पाहायला म्हणून गेले आहेत?

एका घरातले बोलणे ऐका.

सून म्हणाली, “आई, रविवारी पवनारले जाऊ नं.”

सासू म्हणाली, “पवनारले काय पाहाचं? नदी तं नदी. आपल्या घरी काय पाणी नाही?”

“लोक अमेरिकेतून येतात पाहाले.”

“त्याहिले काम नसन, म्हणून येतात. आपल्याले निंदण आहे.”

“निंदण सोमवारी करू. तुमी लगीन होऊन आल्या, त्याले चाळीस वर्षं झाले. माहेर, दवाखाना अन् लग्नाचा मांडव, याच्याशिवाय कुठं गेल्या तुमी?”

सासूने उत्तर दिले नाही. पण शनिवारी तिने धुतलेले लुगडे काढून ठेवले.

खर्चाची काळजी असते, ती खरी आहे. पण महाराष्ट्रात २०२३ सालापासून एस. टी. त बायांना अर्धे तिकीट लागते. ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना २०२२ पासून तिकीटच लागत नाही. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे. वयाचा कागद जवळ ठेवावा. तिकीट हातात आले की त्यावरचा आकडा वाचावा, मग पैसे मोजून द्यावेत.

पवनारला पोचलो. आता नदीकाठच्या आश्रमात जाऊ. त्याला परंधाम आश्रम म्हणतात. १९३८ साली विनोबा भावे इथे आले. तेव्हा ते फार आजारी होते. गांधीजींनी त्यांना सांगितले, कुठेतरी शांत जागी जाऊन प्रकृती सुधारा. नदीपलीकडे जमनालाल बजाज यांचा बंगला होता. विनोबा तिथे राहिले. रोज थोडे थोडे खणण्याचे काम करीत. मोकळ्या हवेत, कुदळीच्या कामाने माणूस बरा झाला. मग हेच त्यांचे घर झाले.

खणताना काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते कैद्यांना गीता समजावून सांगत. साने गुरुजी जवळ बसून ते सारे लिहून घेत. त्यात एकदा राम आणि भरत यांच्या भेटीची गोष्ट निघाली होती. पुढे काही वर्षांनी पवनारला जमीन खणताना एक दगड लागला. तो साफ करून पाहतात, तर त्यावर राम आणि भरत यांची गळाभेट कोरलेली! ती मूर्ती आश्रमात आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या विदर्भावर वाकाटक राजांचे राज्य होते. त्या काळातले हे काम आहे. असे आणखीही कोरीव दगड इथे निघाले आहेत. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशी या पंडितांचे मत होते. दुसरे काही पंडित रामटेकजवळच्या मनसरचे नाव घेतात. त्यांचा वाद त्यांच्यापाशी. पण आपल्या शेतात नांगराला कोरलेला दगड लागला, तर तो फोडून बांधावर टाकू नका. तलाठ्याला कळवा.

मूर्तीसमोर घाई करू नये. रामाचा हात कुठे आहे, भरताची मान कशी झुकली आहे, ते नीट बघावे. कोणाचे नाव त्या दगडावर नाही. कोणी छिन्नी चालवली, ते कोणाला सांगता येत नाही. काम तेवढे राहिले.

या आश्रमाने देशाच्या मोठ्या गोष्टी पाहिल्या आहेत. १७ ऑक्टोबर १९४० या दिवशी विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण केले. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही. १२ फेब्रुवारी १९४८ ला इथेच धाम नदीत गांधीजींच्या अस्थी सोडल्या. मार्च १९५१ मध्ये विनोबा इथून पायी निघाले, ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला. पुढे तेलंगणात १८ एप्रिलला पोचमपल्ली गावी भूमिहीनांसाठी पहिली जमीन दान मिळाली. भूदान ते तिथून सुरू झाले. विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारलाच वारले.

आयाबायांनी एक गोष्ट मुद्दाम बघावी. १९५९ साली विनोबांनी इथे बायांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. इथल्या बहिणी शेतात राबतात, स्वयंपाक करतात, वाचतात, लिहितात. आश्रमाचा निर्णय सर्वांच्या एकमताने होतो. एकीलाही पटले नाही, तर थांबतात. हे ऐकून सासू म्हणाली, “आपल्या घरी असं केलं तं सैपाकच नाही व्हाचा!” सारेजण हसले. सून मात्र थोडे कमी हसली.

नदीत उतरताना जपून. खडकांवर शेवाळ असते. पावसाळ्यात पाणी एकाएकी चढते. लेकरांचा हात सोडू नये.

वेळ उरला, तर सेवाग्रामलाही जाऊन यावे. तेही वर्ध्यापासून साधारण तेवढेच लांब. त्या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले. त्यांची पत्रे गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम केले. बघा, आपल्या दोन सिंद्यांसारखीच ही दोन शेगावे! घर बांधायला जास्त पैसे लावू नयेत आणि सामान जवळपासचेच घ्यावे, असे गांधीजींचे सांगणे होते. माती, बांबू, कवेलू. आपल्या आज्याचे घर असेच होते. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीने झाड आणि चरखा काढला आहे. आपल्या बायाही भिंती लिंपताना अशी चित्रे काढीत. आता सिमेंटच्या घरात ते हात रिकामे झाले.

इतके फिरल्यावर भूक लागणारच.

सेवाग्रामच्या जेवणाची जुनी गंमत आहे. जून १९४२ मध्ये लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार इथे आठवडाभर राहिले. भर उन्हाळा. ताटात उकडलेल्या भाज्या. गांधीजी पाहुण्यांना कडुलिंबाची चटणीही वाढीत. आपण तिखटाची माणसे, आपल्याला ते झेपायचे नाही! पण त्या पाहुण्याने पुढे त्या आठवड्यावर एक पुस्तक लिहिले.

आपली शिदोरी आपण न्यावी. आणि जमले तर रोडगे करावेत. रोडगे कसे करतात, ते तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण शहरातल्या पोरांना माहीत नसते, म्हणून त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. गव्हाचे जाडसर पीठ घट्ट मळायचे. त्याच्या पाऱ्या करून एकात एक घालायच्या, वर गोळा बंद करायचा. गोवऱ्यांचा जाळ पेटवून निखारे होऊ द्यायचे. त्यात गोळे भाजायचे. राख झटकायची, रोडगा फोडायचा, तूप सोडायचे. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. देवाला नवस फेडायचा असला की गावोगाव रोडगे होतात. दहा घरची माणसे एका झाडाखाली बसतात. कोणी वांगी आणतो, कोणी गोवऱ्या. ज्याच्याकडे काही नाही, तो जाळ घालतो. जेवायला मात्र सगळे सारखे.

भाजीत वरून सांबार घालावा. इथे एक सावधगिरी. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा सांबार म्हटले की इडलीजवळचे पातळ वरण समजतो. त्याला सांबारवडी खायला बोलावले, तर तो वाटी घेऊन बसेल!

परतताना वर्ध्याला गोरसपाक घ्यावा. साजूक तुपातला, तोंडात टाकताच विरघळणारा. वर्ध्याचे गोरस भांडार त्यासाठी नावाजलेले आहे. जमनालालजींनी १९४१ साली गोसेवेचे काम हाती घेतले होते. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ गाय पांढरीशुभ्र, चपळ. तिचे बैल रस्त्याला पक्के. तशीच आपल्या जिल्ह्याची वायगावची हळद. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे काय? त्या मुलखात पिकलेल्या हळदीलाच ते नाव लावता येते. दुसरीकडची हळद ‘वायगाव’ म्हणून विकणे, ही लबाडी ठरते. हळद घेताना पाकिटावरचे नाव वाचावे.

“पण खाण्यासाठी कोणी परगावी जाते का?” असे कोणी विचारील. जाते तर! युरोपात इटली नावाचा देश आहे. तिथे लोक मुद्दाम लहान गावांना जातात. एका गावचे चीज, दुसऱ्या गावची द्राक्षाची दारू, तिसऱ्या गावचे ऑलिव्हचे तेल. चीज म्हणजे दूध फाडून, दाबून, मुरवून केलेला पदार्थ. गावोगाव जत्रा भरतात, आणि एकेका जत्रेत एकेका पदार्थाचा मान असतो. जसा आपल्याकडे नवसाला रोडग्याचा.

त्या देशात ब्रा नावाचे एक लहान शहर आहे. १९८६ साली रोममध्ये परदेशी झटपट खाण्याचे मोठे दुकान निघाले. तेव्हा ब्रा इथले कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या मित्रांनी विरोध केला. ते म्हणाले, आमचे खाणे सावकाश शिजते, आम्ही ते सावकाश खाऊ. त्यांच्या संस्थेचे चिन्ह गोगलगाय आहे! १९९७ पासून ब्रा इथे चीजची मोठी जत्रा भरू लागली.

त्याच देशाने १९८५ साली एक कायदा केला. शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणे ठेवावेत, जेवण द्यावे, पैसे घ्यावेत. पण अट अशी, की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. नुसते हॉटेल चालवून शेतकरी म्हणवून घेता येणार नाही. मला ही अट फार आवडते. महाराष्ट्र सरकारनेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण केले. त्यात शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात.

आता जरा उलटे बघू. पवनारला आपण पाहुणे. पण उद्या सिंदी मेघेला पाहुणा आला तर? त्याला काय वाढाल? हुरडा वाढू म्हणाल. पण ज्वारी आहे कुठे? पूर्वी घरोघरी ज्वारी होती. आता जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आणि कपाशी. सोयाबीनला पैसा येतो, हे खरे. पण सोयाबीनचा हुरडा होत नाही, आणि त्याची भाकरही थापता येत नाही. ज्याच्याकडे चार एकर आहेत, त्याने अर्धा एकर तरी ज्वारी पेरावी. पाखरे खातात म्हणून लोक सोडतात. शेजाऱ्यांनी मिळून पेरली, तर राखणही वाटून घेता येते. घरची भाकर होईल, बैलाला कडबा होईल. पाहुणा आला, तर त्याला हुरडा होईल.

संध्याकाळ झाली. परतीची गाडी किती वाजता आहे, ते सकाळीच विचारून पाटीवर लिहून ठेवले होते ना? सासूने थांब्यावर पाटी पाहिली. ती आमच्या वर्गात नवी आहे. बोट ठेवून एकेक अक्षर म्हणाली, “व... र... धा.” सून काही बोलली नाही. सासूने पुन्हा बोट ठेवले. “र वर नाही, धा च्या डोक्यावर आहे. वर्धा!”

अभ्यास

१. ‘वर्धा’ या शब्दातला रफार कोणत्या अक्षरावर आहे? रफार असलेले आणखी तीन शब्द लिहा.

२. तुमच्या घरातून पवनारला पाचजण जाणार आहेत. त्यांत दोन बाया, एक ७८ वर्षांचे आजोबा आणि दोन पुरुष. कोणाला किती तिकीट लागेल? थांब्यावर पूर्ण तिकिटाचा दर विचारा आणि हिशेब वहीत मांडा.

३. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा : तुमच्या लहानपणी आपल्या शेतात काय काय पिकत होते? नावे लिहा. आज त्यातले जे पिकते, त्याच्यापुढे खूण करा.