स्टेशनबाहेरची रांगोळी : ताईला मदत कशी कराल?

चैत्रात दारापुढे चैत्रांगण काढायची आपली जुनी पद्धत. सूर्य, चंद्र, शंख, गोपद्म अशी शुभचिन्हं त्यात असतात. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची कितीतरी माणसं पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. दारातली रांगोळी त्यांना उजेडात दिसतच नाही. मग ताई म्हणाली, "चल, यंदा स्टेशनबाहेर काढू," तर तुम्ही काय कराल?

ही कल्पना जगावेगळी नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रवासी स्वतःच लोकलचे डबे हार-तोरणांनी सजवून पूजा करतात. दुसऱ्या दिवशी फुलं सुकतात, पण प्रवास गोड होतो ना! रांगोळीचंही तसंच.

१) जागा आणि परवानगी
फलाटावर रांगोळी नको. भुकटीवरून पाय घसरतो, आणि धावत येणाऱ्याचं लक्ष गाडीकडे असतं, जमिनीकडे नाही. जिने आणि तिकीट खिडकीही मोकळीच हवी. बाहेर भिंतीलगतचा कोपरा बघा. जागा रेल्वेच्या हद्दीत असेल तर मोठ्या माणसांसोबत स्टेशन मास्तरांना विचारा. रस्ता असेल तर उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ आणि बदलापूरला नगरपरिषद.

२) विषय
फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उल्हासनगर वसवलं. १९४९ मध्ये या वस्तीला हे नाव मिळालं. सिंधी बांधवांचा चेटीचंड पाडव्याच्या आसपासच येतो, आणि झुलेलाल माशावर बसलेले दाखवतात. म्हणून एका बाजूला गुढी, दुसऱ्या बाजूला मासा! अंबरनाथला इ. स. १०६० च्या शिवमंदिराचं शिखर काढता येईल. बदलापूरला उल्हास नदीची लाट. घाईतल्या माणसाला चार पावलांत कळेल असं मोठं, सोपं चित्र निवडा. बारीक नक्षी घरी.

३) माप
ताईने वहीत २० सेंमी बाजूच्या चौकोनात चित्र काढलं. त्यात २-२ सेंमीचे चौकोन आखले, म्हणजे १० × १० = १०० चौकोन. जमिनीवर २ मीटर बाजूचा चौकोन घ्या आणि दोरी-खडूने २०-२० सेंमीचे तेवढेच चौकोन आखा. आता एकेका चौकोनातली रेषा मोठी करून उतरवायची. लांबी १० पट झाली, पण क्षेत्रफळ १०० पट! घरी २० सेंमीचा एक चौकोन भरून बघा. समजा ५० ग्रॅम रांगोळी लागली, तर पूर्ण चित्राला ५० × १०० = ५००० ग्रॅम, म्हणजे ५ किलो. अर्धं चित्र मोकळं ठेवलं तर अडीच किलोत भागेल.

४) वेळ
सकाळची गर्दी ओसरल्यावर सुरुवात करा, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत संपवा. सकाळी धावत गेलेला माणूस परतताना ते चित्र बघेल.

५) खरी मदत
मदत म्हणजे ताईच्या हातातून चाळणी ओढून घेणं नव्हे. दोरीचं टोक धरा, रंग पुढे करा, पाणी द्या, येणाऱ्यांना "काका, जरा इकडून" असं नम्रपणे सांगा. रेषा कुठे वाकली ते तिने विचारलं तरच सांगा.

आणि एक प्रसंग नक्की येईल. दोन तासांची मेहनत, आणि कुणाचा तरी पाय थेट माशावर पडेल. ताईचे डोळे भरतील. तेव्हा भांडायला धावू नका. तो माणूस वाईट नसतो, त्याची गाडी सुटत असते. ज्यांच्यासाठी चित्र काढलं, त्यांचेच ते पाय. चिमूटभर रंग पुढे करून म्हणा, "ताई, शेपटी परत काढू." भाऊ-बहीण असण्याचा अर्थ त्या चिमटीत आहे.

रात्री झाडू घेऊन जागा स्वच्छ करा. ती भुकटी गटारात लोटू नका, पिशवीत भरून घरी आणा. जागा सकाळी होती तशी सोडली, तर पुढच्या वर्षी परवानगी मागताना मान खाली घालावी लागणार नाही.

स्वाध्याय
१. बाजू ३ मीटर केली तर वहीतला २ सेंमीचा चौकोन जमिनीवर किती सेंमीचा होईल? क्षेत्रफळ किती पट?
२. तुमच्या स्टेशनसाठी कोणतं चिन्ह निवडाल? का? पाच वाक्यांत लिहा.
३. पुसलं जाणार हे माहीत असूनही चित्र का काढावं? घरी चर्चा करा.