बाण दाबला की बोललं पाहिजे

एका अंध शिक्षिकेने नवा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने आधी डिस्प्लेचं कौतुक केलं (कुणापुढे, ते त्यालाच ठाऊक), मग ‘चार कोअर आहेत मॅडम, मस्त पळेल’ अशी हमी दिली. घरी तिने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून निकालाची एक्सेल फाइल उघडली. खालचा बाण दाबला. आधी शांतता, मग रोल नंबर. भराभर बाण दाबत गेलं की आवाज मागे राहायचा. कर्सर एका विद्यार्थ्यावर, कानात दुसऱ्याचं नाव. डोळस माणूस ‘जरा स्लो आहे’ म्हणून सोडून देईल. तिच्याकडून गुण भलत्याच्याच पुढे भरले गेले.

स्क्रीन रीडरचं काम बरंचसं एकामागून एक चालतं. कळ दाबली की तो आधी एक्सेलला किंवा ब्राउझरला विचारतो, कर्सर कुठे आहे, तिथे काय लिहिलंय. उत्तर आलं की मजकूर आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जातो, तिथून स्पीकरकडे. आधीची पायरी संपल्याशिवाय पुढची सुरू होत नाही, म्हणून प्रोसेसरचे जास्तीचे कोअर बहुतेक वेळ नुसते बसून असतात. एकेक कोअर किती चपळ, हे महत्त्वाचं. महागडं ग्राफिक्स कार्ड इथे निरुपयोगी. ते पैसे रॅमवर घालावेत.

प्रोसेसरच्या नावांवर तर मुळीच जाऊ नये. इंटेलच्या एन१०० मध्ये चार कोअर आहेत, पण चारही वीज वाचवणारे, छोटे. आय३-एन३०५ मध्ये आठ, तेही सगळे छोटेच. आय३-१२१५यू मध्ये सहाच, मात्र त्यातले दोन दमदार. स्क्रीन रीडरला हाच बरा. एएमडीच्या लॅपटॉपसाठीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहावा: ७५२०यू म्हणजे जुनी झेन २ रचना, ७५३०यू म्हणजे त्यानंतरची झेन ३. डब्यावर दोन्हीकडे ‘रायझन ५’च छापलेलं.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले लॅपटॉप वेगात कमी नाहीत. पण त्यांना ड्रायव्हर वेगळे लागतात, त्यामुळे जुना ब्रेल डिस्प्ले चालेल का, हे आधी विचारावं.

दुकानातच तपासून घेणं उत्तम. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर न्यावी. ते जमलं नाही तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून विंडोजमधलाच स्क्रीन रीडर, नॅरेटर, सुरू करावा. चार्जर काढायला लावावा, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप मंदावतात. मोठं वेबपान उघडून एच दाबत मथळ्यांवरून पळावं. ब्लूटूथचा हेडफोन नको, त्याचा स्वतःचा उशीर प्रोसेसरच्या नावावर जमा होतो. फक्त पहिलं अक्षर गिळलं जात असेल, तर बहुधा साउंड कार्ड झोपी जात असतं. त्यासाठी एनव्हीडीएत सेटिंग आहे. आवाज जड वाटला तर एनव्हीडीएतला ईस्पीक हा आवाज लावून पाहावा. तो हलका आहे, मराठीही बोलतो.

सेकंडहँड घेणाऱ्याने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच पाहावी. त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.