घराची किंमत आणि गावाची हद्द

विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचे गाव म्हणून ओहायो राज्यातील डेटन हे शहर जगाला ठाऊक आहे. शहराच्या पश्चिम भागात हॉथॉर्न रस्त्यावर 7 क्रमांकाच्या लाकडी घरात हे कुटुंब राहत असे. विल्बर राइट 1912 मध्ये वारले. पुढे 1914 मध्ये ऑर्विल राइट यांनी वडील व बहीण यांच्यासह ते घर सोडले आणि शहराच्या दक्षिण हद्दीला लागून असलेल्या ओकवुड या उपनगरातील प्रशस्त निवासस्थानात ते राहावयास गेले. जुने घर 1936 मध्ये हेन्री फोर्ड यांनी विकत घेतले आणि ते मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे नेऊन आपल्या संग्रहालयात उभे केले. घराने अशी जागा बदलणे हा अपवादच म्हटला पाहिजे. माणसे हलतात, कारखाने हलतात. घर मात्र बांधले तेथेच उभे राहते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम प्रदेशातील एका मध्यम आकाराच्या नागरी परगण्यातील घरबाजाराचे मर्म या साध्या गोष्टीत आहे.

डेटन शहर मॉन्टगोमेरी काउंटीत मोडते. काउंटी म्हणजे स्थूलमानाने जिल्हा. पण आपल्याकडील जिल्ह्याच्या मानाने ती बरीच लहान असते. मॉन्टगोमेरीचे क्षेत्रफळ सुमारे 1,200 चौरस किलोमीटर आहे. 1960 च्या शिरगणतीत या काउंटीची लोकसंख्या सुमारे 5 लाख 27 हजार होती. 2020 मध्ये ती 5 लाख 37 हजार भरली. हे दोनच आकडे पाहिले तर साठ वर्षांत येथे काहीच घडले नाही असे वाटेल. पण याच काळात डेटन शहराची वस्ती 2 लाख 62 हजारांवरून 1 लाख 38 हजारांवर आली. परगण्याची लोकसंख्या जवळजवळ तितकीच राहिली आणि त्याच्या मध्यवर्ती शहरातील जवळजवळ निम्मी वस्ती ओसरली.

हे शहर कारखान्यांवर वाढले होते. दुकानातील रोकड मोजणारी यंत्रे बनविणारी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी येथे 1884 मध्ये स्थापन झाली. मोटारगाड्यांचे विजेचे भाग बनविणारी डेल्को कंपनी 1909 मध्ये निघाली. पुढे जनरल मोटर्सचे अनेक कारखाने या परिसरात आले. कारखान्यातील कामगाराला स्वतःचे घर घेता येई, हे या भागाचे वैशिष्ट्य होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेरच्या शेतजमिनींवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. 1955 मध्ये शहराचा दर्जा मिळालेले केटरिंग आणि विटांच्या घरांसाठी प्रसिद्ध असलेले ह्यूबर हाइट्स ही त्यांतील ठळक नावे. नंतर ओहोटी सुरू झाली. मोरेन येथील जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर 2008 मध्ये बंद पडला आणि 2009 मध्ये नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने आपले मुख्यालय जॉर्जिया राज्यात हलविण्याचे जाहीर केले. मोरेनच्या त्याच इमारतीत 2016 मध्ये एका चिनी कंपनीचा मोटारींच्या काचा बनविण्याचा कारखाना सुरू झाला. पण तेथील वेतन पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी होते.

लोकसंख्या वाढत असताना घरबाजार एका रीतीने चालतो व घटत असताना अगदी निराळ्या रीतीने चालतो. मागणी वाढली की नवी घरे बांधली जातात. मागणी घटली म्हणून उभी घरे नाहीशी होत नाहीत, कारण घराचे आयुष्य शंभर वर्षांचेही असू शकते. परिणामी किमती घसरत जातात आणि अखेर घराची किंमत ते नव्याने बांधण्याच्या खर्चाहूनही खाली येते. एडवर्ड ग्लेझर व जोसेफ ग्योर्को या अर्थशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये ही प्रक्रिया उलगडून दाखविली. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, ओसरत्या शहरातील स्वस्त घरेच अल्प उत्पन्नाच्या लोकांना तेथे धरून ठेवतात. ज्याला अन्यत्र काम मिळते तो निघून जातो; ज्याला अन्यत्र भाडे परवडत नाही तो राहतो.

किंमत बांधकामखर्चाच्या खाली गेली की दुरुस्तीचे गणितही बिघडते. छप्पर बदलण्यास जेवढा खर्च येतो तेवढी भर घराच्या किमतीत पडत नाही, म्हणून मालक दुरुस्ती लांबणीवर टाकतो. छप्पर गळते, भिंती ओल धरतात, शेवटी घर रिकामे पडते आणि शेजारच्या घराचीही किंमत उतरते. बँकांना लहान रकमेचे कर्ज देणे परवडत नाही, कारण कागदपत्रांचा खर्च मोठ्या कर्जाइतकाच येतो. तेव्हा असे घर रोख पैसे देणाऱ्याच्या हाती जाते आणि तो बहुधा भाड्यासाठी घर घेणारा असतो. अशा रीतीने घर स्वस्त असूनही तेथे भाड्याने राहणारे कुटुंब त्याचे मालक होऊ शकत नाही.

येथे वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील. परगणा एक, हवामान एक, कामधंद्याची ठिकाणेही तीच. मग दहा मिनिटांच्या अंतरावर घरांच्या किमतीत एवढी तफावत का असावी? याचे उत्तर हद्दीत सापडते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे पगार मुख्यतः राज्याच्या अनुदानातून होतात. ओहायोत शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ताकरातून येतो आणि या काउंटीत डझनाहून अधिक स्वतंत्र शालेय हद्दी आहेत. ओकवुडची शाळा वेगळी, केटरिंगची वेगळी, डेटनची वेगळी. तेव्हा घर घेणारा माणूस चार खोल्यांबरोबर मुलांच्या शाळेचीही किंमत मोजत असतो. किंमत वाढली की कराचे उत्पन्न वाढते, शाळा सुधारते आणि किंमत आणखी वाढते. उलट दिशेनेही हेच चक्र फिरते.

या हद्दींमागे वर्णभेदाचा इतिहास आहे. 1930 च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे तयार करून कर्जास धोक्याचे मानलेले भाग तांबड्या रंगाने दाखविले; कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा त्यांत पडल्या. न्यायालयाच्या आदेशाने 1976 पासून डेटनच्या शाळांत मुलांना बसगाड्यांतून नेऊन वर्णमिश्रण घडविण्याचा प्रयत्न झाला. परंतु डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्येच, उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज असे मिश्रण शालेय हद्द ओलांडून करता येणार नाही, असा निर्णय दिला होता. त्यामुळे हद्दीपलीकडे घर घेणे ज्यांना शक्य होते त्यांच्यापर्यंत हा प्रयत्न पोहोचला नाही. 1997 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांना पैसा पुरविण्याची ही पद्धतच राज्यघटनेशी विसंगत ठरविली. तरी मालमत्ताकरावरील भिस्त संपली नाही.

हद्दी ओलांडता येत नाहीत असे मात्र नाही. मार्च 1913 मध्ये ग्रेट मायामी नदीला महापूर आला आणि खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाणी गावांच्या सीमा पाळत नाही हे त्या वेळी सर्वांना उमगले. 1915 मध्ये संपूर्ण खोऱ्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि 1922 पर्यंत खोऱ्यात पाच धरणे बांधून पूर्ण झाली. या कामाचे मुख्य अभियंता आर्थर मॉर्गन पुढे 1948 मध्ये आपल्या देशातील राधाकृष्णन आयोगाचे सदस्य होते. त्या धरणांनंतर डेटन पुन्हा तसे बुडाले नाही.

घरांच्या बाबतीतही असाच प्रयत्न झाला. 1970 मध्ये येथील प्रादेशिक नियोजन मंडळाने पाच काउंट्यांसाठी एक योजना स्वीकारली. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी लागणारी सुमारे 14 हजार घरे सर्व गावांनी व उपनगरांनी वाटून घ्यावीत, असे तिचे सूत्र होते. देशभर तिची दखल घेतली गेली. परंतु घरबांधणीसाठीचे केंद्रीय अर्थसाहाय्य जानेवारी 1973 मध्ये स्थगित झाले आणि योजनेचा आधारच गेला.

अलीकडच्या काळात काही उपाय शहराने स्वतः केले. 2011 मध्ये डेटनने परदेशांतून येणाऱ्यांचे स्वागत करण्याचे धोरण स्वीकारले. आहिस्का तुर्क निर्वासितांनी उत्तर डेटनमधील पडीक घरे विकत घेऊन ती आपल्या हातांनी दुरुस्त केली. 27 मे 2019 च्या चक्रीवादळाने त्याच भागाची मोठी हानी केली. 2020 नंतर घरांच्या किमती वेगाने चढल्या आणि 2023 च्या फेरमूल्यांकनात करआकारणीचा पायाही वाढला. स्वतःच्या घरात राहणाऱ्या निवृत्त माणसाला घर विकल्याशिवाय या वाढीचा लाभ नाही. कर मात्र त्याला आजच भरावा लागतो.

म्हणून एखादे गाव राहण्यास कितपत योग्य आहे, हे केवळ घरांच्या सरासरी किमतीवरून ठरविणे चुकीचे होईल. वायव्य डेटनमधील मोठे रुग्णालय 2018 मध्ये बंद झाले. त्याच बाजूला धान्य-भाजीपाल्याची सोय व्हावी म्हणून रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर उभारलेले दुकान 2021 मध्ये उघडले. दवाखाना किती दूर, भाजी कोठे मिळते, शाळेच्या खर्चाचा भार कोण उचलतो, छप्पर दुरुस्त करणे परवडते की नाही, हे प्रश्न किमतीच्या आकड्यात दिसत नाहीत. मॉन्टगोमेरीत घरांची वाण नव्हती. पुराच्या वेळी खोऱ्याने जो भार वाटून घेतला, तो घरे आणि शाळा यांच्या बाबतीत वाटून घेतला गेला नाही. तेथील स्वस्त घरांची किंमत म्हणूनच ती विकत घेणाऱ्यांपेक्षा त्यांत मागे राहिलेल्यांनी अधिक चुकविली आहे.