षड्ज : स्वरांचे आदिस्थान



आपल्या शाळांतून गीताचा तास बहुधा गीताच्या शब्दांनीच सुरू होतो. शिक्षक पहिली ओळ म्हणतात व मुले ती मागून म्हणतात. तीस-चाळीस कंठांतून निरनिराळे सूर निघतात. आणि ज्याचा सूर सर्वांत वेगळा लागतो, त्यास ‘तू नुसते ओठ हलव’ अशी आज्ञा होते. प्रस्तुत लेखकास ती दुसऱ्या इयत्तेत झाली होती, व पुढे कित्येक वर्षे चारचौघांत गाण्यास त्याने तोंड उघडले नाही. अशा मुलाचा दोष पुष्कळदा कानाचाही नसतो व गळ्याचाही नसतो. गाण्यापूर्वी त्यास षड्ज मिळालेला नसतो, एवढेच. म्हणून या एका स्वराचा विचार येथे करावयाचा आहे.

१. षड्ज म्हणजे काय?

सा, रे, ग, म, प, ध, नी या सप्तकातील पहिला स्वर तो षड्ज. जुन्या ग्रंथकारांनी या नावाची फोड दोन प्रकारे केली आहे : नासिका, कंठ, उर, तालू, जिव्हा व दंत या सहा स्थानांपासून उपजणारा, किंवा उरलेल्या सहा स्वरांचा जनक. रे, ग, ध व नी हे चार स्वर कोमल होऊ शकतात, मध्यम तीव्र होऊ शकतो. षड्ज व पंचम मात्र अचल आहेत. त्यांतही पंचम मारवा किंवा मालकंस यांसारख्या रागांत वर्ज्य असतो. षड्ज वर्ज्य आहे असा राग मात्र नाही. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी तीन तारा षड्जातच मिळविलेल्या असतात. त्यांतील शेवटच्या तारेस आपण खर्ज म्हणतो, आणि तो शब्दही षड्ज याचेच रूपांतर होय.

२. षड्जाची उंची कोण ठरवितो?

पाश्चात्त्य वाद्ये जुळविण्याच्या स्वरासाठी सेकंदास ४४० कंपने हे माप १९३९ साली लंडन येथील परिषदेत मान्य झाले. आपल्या षड्जास असे ठरीव माप नाही. गाणाऱ्याच्या गळ्यास जो मानवेल तो त्याचा षड्ज. षड्जाची कंपने २४० धरली, तर पंचमाची ३६० व तार षड्जाची ४८० होतात. २६० धरली, तर तीच ३९० व ५२० होतात. उंची बदलली, परंतु परस्परांतील प्रमाण बदलले नाही. मोजपट्टी कोठेही ठेवली तरी माप शून्यापासूनच धरावयाचे असते, तद्वतच हे आहे.

३. वर्गात करावयाचे दोन प्रयोग

पहिला प्रयोग तारेचा. एका फळीवर दोन लहान ठोकळे ७२ सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांवरून पोलादी तार ताणून बसवावी. मोकळी तार छेडली असता जो स्वर निघेल तो षड्ज मानावा. तारेचा ५४ सेंटिमीटर भाग छेडला असता मध्यम, ४८ सेंटिमीटर भाग छेडला असता पंचम व निम्मा म्हणजे ३६ सेंटिमीटर भाग छेडला असता तार षड्ज ऐकू येईल. तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगण्याची ही रीत सतराव्या शतकात अहोबल पंडिताने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात दिली आहे. मुलांना अपूर्णांक ऐकविण्याची अशी संधी गणिताच्या शिक्षकानेही दवडू नये.

दुसरा प्रयोग पेटीचा. केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवावयाच्या. पांढरी एक हा षड्ज धरून तार षड्जापर्यंत गेल्यास बिलावल थाटाचे स्वर मिळतात. त्याच पट्ट्यांवर पांढरी दोन हा षड्ज धरल्यास काफी, पांढरी तीन धरल्यास भैरवी, पांढरी चार धरल्यास कल्याण, पांढरी पाच धरल्यास खमाज व पांढरी सहा धरल्यास आसावरी थाट तयार होतो. पट्ट्या त्याच, पण आरंभस्थान हलताच प्रत्येकीचे नाव व नाते बदलते. एकच गृहस्थ एका घरी मामा व दुसऱ्या घरी काका असतो, हे मुलांस ठाऊकच असते.

४. गीताच्या तासास उपयोग

याचा पहिला पडताळा राष्ट्रगीताच्या वेळी येतो. त्याची चाल मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जाते. आरंभ उंच झाला, की अखेरच्या जयघोषात मुलांचे गळे ताणतात व ती ओरडू लागतात. आरंभ फार खाली झाला, की खालचे स्वर नाहीसे होतात. यास्तव पुढील क्रम ठेवावा.

(अ) गीतातील सर्वांत उंच व सर्वांत खालचा स्वर मुलांकडून आधी म्हणवून घ्यावा. दोन्ही सहज निघतील अशी पट्टी निवडावी. शिक्षकाच्या सोयीची पट्टी ती मुलांची पट्टी असे समजू नये.

(आ) पुरुष शिक्षकाचा आवाज मुलांच्या आवाजाहून सुमारे एक सप्तक खाली असतो. त्या खोलीस पोहोचू पाहणारे मूल बेसूर वाटते. अशा वेळी षड्ज पेटीवर द्यावा किंवा स्वच्छ गळ्याच्या एखाद्या मुलीकडून देववावा.

(इ) शब्दांपूर्वी सर्वांनी तो षड्ज आकारात सावकाश म्हणावा. प्रथम ऐकावे, मग गुणगुणावे व नंतर मोकळ्या आवाजात लावावा.

(ई) ज्याचा सूर लागत नाही, त्यास गप्प न बसविता जवळ बोलवावे. तो जो सूर काढील, तोच षड्ज मानून शिक्षकाने त्याच्या सुरास आपला सूर मिळवावा. दोन सूर एक झाल्याचे त्यास एकदा ऐकू आले, की तेथून पायरीपायरीने वर्गाच्या षड्जापर्यंत त्यास नेता येते.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. षड्ज कोणा एका गळ्याची मिरास नाही. ज्याला आवाज आहे त्याला षड्ज आहे. तो शोधून देणे हे शिक्षकाचे काम होय.