समिती येणार म्हणजे नक्की कोण येणार?



'पीआरसी येतेय' हे दोन शब्द कानावर पडले की जिल्हा परिषदेच्या शाळेत काय धावपळ होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. किर्द पूर्ण करा, साठा रजिस्टर जुळवा, पोषण आहाराचा तांदूळ मोजा. साक्री तालुक्यातल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ही रात्र जागून काढली असेल. पण ही समिती कोणाची, ती कशासाठी येते, हे आपण वर्गात कधी सांगतो का? आठवीच्या राज्यशास्त्रात संसद शिकवताना समित्यांचा भाग आपण दोन ओळींत उरकतो. खरं तर तोच भाग मुलांच्या सर्वांत जवळचा आहे.

मुलांना असं सांगून पाहा. अर्थसंकल्प मंजूर होतो तेव्हा सभागृह सरकारला खर्चाची परवानगी देतं. पण पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाला का, हे कोण बघणार? महाराष्ट्रात विधानसभेचे 288 आणि परिषदेचे 78 सदस्य. एवढ्या सगळ्यांनी बसून पावत्या तपासणं शक्य नाही. म्हणून छोट्या समित्या.

दिल्लीत लोकलेखा समिती आहे. तिची सुरुवात 1921 ची, म्हणजे इंग्रजांच्या काळातली. आज तिच्यात 22 सदस्य असतात, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे. मंत्र्याला तिथे जागा नाही, कारण ज्याचा हिशोब त्यानेच तपासायचा नसतो. 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक अर्थात कॅग हिशोब तपासून अहवाल देतात आणि समिती त्यावरून खात्याच्या सचिवाला समोर बसवून साक्ष घेते. आपल्या राज्यातही लोकलेखा, अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम अशा समित्या आहेत. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी पंचायत राज समिती, तीच आपली पीआरसी. आदिवासी भागातल्या योजना, आश्रमशाळा बघायला अनुसूचित जमाती कल्याण समिती येते. पिंपळनेरकडच्या शिक्षकांना ती ओळखीची असेल.

वर्गात मी एक खेळ घेतो. फळ्यावर लिहितो : शाळेला 40 बाकं मंजूर, 40 चं बिल दिलं, वर्गात 31. एक मुलगा मुख्याध्यापक, एक ठेकेदार, एक लेखापरीक्षक आणि पाच जण समिती. पहिल्या दिवशी समितीतली मुलं नुसती ओरडतात, 'चोर, चोर!' मग त्यांना थांबवून सांगावं लागतं की आधी कागद मागा. पोच कुठे आहे? सही कोणाची? साठा रजिस्टरात किती लिहिलं? हळूहळू प्रश्न बरे यायला लागतात. शेवटी समितीला शिक्षा करता येत नाही, ती फक्त शिफारस करते, हे कळल्यावर मुलं नाराज होतात. 'मग काय उपयोग?' उपयोग असा, की शिफारशीवर काय केलं, हे सरकारला समितीला कळवावं लागतं. दप्तरात राहतं ते. मात्र अहवाल वर्षानुवर्षं पडून राहतात, हेही लपवू नका.

आणि आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण टाळू नका. मे 2025 मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर होती. त्याच वेळी गुलमोहर शासकीय विश्रामगृहातल्या 102 क्रमांकाच्या खोलीत सुमारे 1 कोटी 84 लाखांची रोकड सापडली. समितीच्या अध्यक्षांनी आरोप फेटाळले, मुख्यमंत्र्यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली. घरोघरी मोबाईलवर ही बातमी पोचली होती, मुलांनाही ती माहीत होती. कोण दोषी हे वर्गात ठरवायचं नाही, ते तपासाचं काम. पण मागच्या बाकावरून प्रश्न आलाच : 'सर, तपासनारासले कोन तपासस?'

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यालाच फळ्यापाशी बोलावलं आणि यादी करायला लावली : पोलीस, न्यायालय, वर्तमानपत्र, विधानसभा, मतदार. त्याने शेवटी स्वतःहून एक नाव जोडलं, 'आपली शाळा व्यवस्थापन समिती'. पालकहो, त्या समितीत आपणच असता. पुढच्या बैठकीला याल तेव्हा किर्द मागून बघा, आम्ही दाखवू.