फोटो एडिटिंग: वस्तू देखणी करू नका, खरी दाखवा



साडी, कुर्ती, दागिने ऑनलाइन विकत असाल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल: "ताई, फोटोत रंग वेगळा होता हो!" मग पार्सल परत, जाण्यायेण्याचं कुरिअर आपल्या खिशातून, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येईल याची खात्री नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की करा. लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग वेगळं आणि विक्रीच्या फोटोचं वेगळं. आपल्याला वस्तू हातात घेतल्यावर दिसते तशीच स्क्रीनवर दाखवायची आहे.

समजा, जांभळ्या पैठणीचा फोटो आहे. पिवळ्या बल्बखाली काढला तर जांभळा मरूनकडे झुकतो आणि सोनेरी जर केशरी दिसते. आता स्नॅपसीड हे गुगलचं मोफत अॅप उघडा आणि याच क्रमाने जा.

०. आधीची तयारी. फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा आणि घरातले दिवे बंद ठेवा. खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र आले, की साडीचा अर्धा भाग निळसर, अर्धा पिवळसर येतो. तो एडिटिंगने नीट सुटत नाही. साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. एडिट करताना फोनचा नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट मोड बंद करा, नाहीतर तुम्हालाच रंग चुकीचे दिसतील.

१. व्हाइट बॅलन्स. ड्रॉपर निवडा आणि कागदावर न्या. कागद पांढरा दिसला, की बहुतेक वेळा साडीचा रंगही जागेवर येतो.

२. उजेड. ट्यून इमेजमध्ये ब्राइटनेस थोडा वाढवा. घड्यांमध्ये काळोख असेल तर शॅडोज वाढवा. जर पांढरीफटक दिसत असेल तर हायलाइट्स कमी करा.

३. सॅच्युरेशन. इथेच मोह होतो! रंग भडक केला की लाइक्स येतील, पण पार्सलही परत येईल. शक्यतो हात लावू नका. तयार फिल्टरही नकोत.

४. क्रॉप. आता कागद कापून टाका. इन्स्टाग्रामसाठी ४:५ हे उभं माप चांगलं, स्क्रीनवर जास्त जागा मिळते.

५. हीलिंग. मागच्या भिंतीवरचा डाग, चादरीवरचा धागा खुशाल पुसा. पण साडीवरचा डाग किंवा सुटलेला धागा पुसायचा नाही. ती फसवणूक झाली. दोष असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो द्या आणि किंमत तशी लावा.

शेवटी साडी आणि फोन खिडकीजवळ शेजारी धरा. फरक दिसला तर परत पहिल्या पायरीवर या.

तरीही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनची स्क्रीन वेगळी असते. म्हणून फोटोखाली रंग शब्दांत लिहा: "गडद जांभळा, वांग्यासारखा." व्हॉट्सअॅपवर पाठवताना एचडी निवडा आणि मूळ फोटो डिलीट करू नका.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडची सर्वात जास्त परत येणारी वस्तू निवडा. तिचा नवा फोटो काढा, या पाच पायऱ्या करा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून बघा. काय फरक पडला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!