नव्या लॅपटॉपचा बंदोबस्त : हुबळी-धारवाडास येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

नैऋत्य रेल्वेच्या मुख्यालयात बदली होऊन येणारे कर्मचारी, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे वकिलीचा आरंभ करणारे तरुण, टाटा मोटर्सच्या कारखान्यात रुजू होणारे तंत्रज्ञ आणि कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, केएलई तांत्रिक विद्यापीठ किंवा आयआयटी येथे प्रवेश मिळालेले विद्यार्थी, अशा नाना निमित्तांनी मराठी माणसे या जोडशहरात दरसाल येत असतात. आणि त्यांच्या सामानात, अथवा येथे आल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या खरेदीत, हल्ली एक नवा लॅपटॉप बहुधा असतोच. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि जी. ए. कुलकर्णी यांनी येथील महाविद्यालयात अध्यापन करीत आयुष्याचा मोठा भाग व्यतीत केला, हे ध्यानी घेतले म्हणजे मराठी माणसास हे गाव परके वाटण्याचे कारण उरत नाही. तथापि भाड्याचे घर, गॅसची जोडणी, मुलांची शाळा आणि बँकेचे खाते यांच्या धांदलीत सापडलेला नवागत, जो येईल त्या संदेशावर आणि भेटेल त्या माणसावर विसंबून राहतो, आणि व्हायरस व स्पायवेअर पसरविणाऱ्यांस नेमकी हीच मनःस्थिती हवी असते.

येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा या बाबतीतला अनुभव एकत्र केला तर त्याचे सार असे निघते की, संरक्षणाचा बहुतेक भाग लॅपटॉपबरोबर विनामूल्यच हाती आलेला असतो. जो थोडा पैसा खर्चावयाचा तो अस्सल प्रणालीवर आणि कागदपत्रांच्या प्रतींवर खर्चावा. आणि सर्वांत अधिक जपावयाची वस्तू म्हणजे आपण देत असलेली परवानगी होय. पुढील सूचना याच सूत्रावर आधारलेल्या आहेत.

खरेदीच्या वेळी

स्वस्त लॅपटॉपांपैकी काही विंडोजविना विकले जातात, आणि "विंडोज आम्ही घालून देऊ" असे आश्वासन देणारा विक्रेता कोणत्याही शहरात भेटतो. अशा वेळी घातली जाणारी विंडोज परवान्याची आहे काय, हे विचारून तो परवाना पावतीवर लिहवून घ्यावा. कारण चोरीची विंडोज किंवा चोरीचे मायक्रोसॉफ्ट ऑफिस चालू करण्यासाठी जी साधने वापरली जातात, ती बहुधा प्रथम लॅपटॉपमधील संरक्षण बंद करावयास सांगतात, आणि ज्या साधनाची पहिलीच अट पहारेकरी दूर करण्याची आहे त्याच्यासोबत आणखी काय आत येते हे पाहण्यास मग कोणीच उरलेले नसते. परवान्याची रक्कम झेपत नसेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली प्रामाणिकपणे घालून घ्यावी. लेखन, वाचन, बँकेचे व्यवहार आणि बहुतेक अभ्यास यांना ती पुरते; मात्र अभ्यासक्रमास लागणारे एखादे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालत असेल तर ते आधी विभागात विचारून घ्यावे. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते, आणि अनेक शिक्षणसंस्था आपल्या विद्यार्थ्यांस मायक्रोसॉफ्टचे ऑफिस मोफत देतात, यास्तव पदरचे पैसे घालण्यापूर्वी संस्थेच्या दफ्तरात चौकशी करावी.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने एवढे अवश्य लक्षात ठेवावे की विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जो लॅपटॉप विंडोज ११ स्वीकारू शकत नाही तो विंडोजसाठी घेणे म्हणजे स्वस्तात धोका विकत घेणे होय. लिनक्ससाठी मात्र तो अजून चांगला उपयोगी पडतो.

पहिल्या दिवशीची तजवीज

लॅपटॉप घरी आणल्यावर पहिले काम विंडोज अपडेटचे. एकदा, दोनदा, जोवर नवे काही शिल्लक नाही असे दिसत नाही तोवर ते चालू द्यावे, आणि त्यास दिवसाचा काही भाग गेला तरी घाई करू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामाने जगभरातील इस्पितळे आणि कारखाने ठप्प केले, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेली होती. ती ज्यांनी वेळीच घेतली होती त्यांच्या संगणकांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. एक पैही न खर्चिता मिळणारे याहून मोठे संरक्षण नाही.

दुसरे काम विंडोजमध्येच असलेल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची अवस्था पाहण्याचे. पुष्कळ लॅपटॉपांत एखाद्या कंपनीचा अँटिव्हायरस मर्यादित मुदतीसाठी घालून दिलेला असतो, आणि तो कामावर असेतो डिफेंडर बाजूला बसतो. मुदत संपल्यावर जर वर्गणी भरावयाची नसेल तर तो अँटिव्हायरस पूर्णपणे काढून टाकावा, म्हणजे डिफेंडर पुन्हा रुजू होतो. मुदत संपलेला पहारेकरी तसाच ठेवणे, किंवा दोन पहारेकरी एकाच वेळी नेमणे, ही दोन्ही चुकीची व्यवस्था होय.

तिसरे काम खात्यांच्या विभागणीचे. विंडोज जे पहिले खाते उघडते त्यास प्रशासकाचे सर्व अधिकार असतात, आणि त्याच खात्यावरून रोजचे काम करणे म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा हातात खुळखुळवीत बाजारातून हिंडणे आहे. म्हणून रोजच्या कामासाठी आणि मुलांसाठी साधी, मर्यादित अधिकारांची खाती उघडावीत आणि प्रशासकाचा पासवर्ड घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे असावा. मग प्रणालीत बदल करू पाहणारा प्रोग्राम आत येताना तो पासवर्ड मागितला जातो, आणि त्या क्षणभराच्या अडथळ्यात विचार करण्यास अवसर मिळतो. याच दिवशी फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू या यादीतून फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी योजना करावी; एरवी "पावती.पीडीएफ.ईएक्सई" अशा नावाचा प्रोग्राम नुसती "पावती.पीडीएफ" म्हणून मिरवतो.

नव्या लॅपटॉपांतील डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते, आणि एखाद्या दुरुस्तीनंतर ती उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते; ती कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी.

अँटिव्हायरस विकत घ्यावा काय

हा प्रश्न प्रत्येक नवागत विचारतो. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून आरंभ केला, बंधू संजय यांनी दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढण्यासाठी प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहून २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले, हा इतिहास मराठी माणसास अभिमानाचा वाटावा असाच आहे. परंतु अभिमान आणि आवश्यकता यांचा हिशेब निराळा ठेवावा. अद्ययावत प्रणाली, चालू डिफेंडर आणि मर्यादित खाते एवढे असेल तर सामान्य घरास विकतच्या अँटिव्हायरसावाचून चालते. घरात लहान मुले स्वतंत्रपणे लॅपटॉप वापरीत असतील, अथवा दुकानाचा व पक्षकारांचा दस्तऐवज त्यावर असेल आणि अडचणीच्या वेळी फोनवर मदत देणारा कोणी हवा असेल, तर वर्गणी भरणे योग्य. मात्र ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी.

विनामूल्य साधने हवीत त्यांनी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राचे पान पाहावे. तेथे संसर्ग काढणारी साधने आणि पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे, सी-डॅकने केलेले यूएसबी प्रतिरोध उपलब्ध करून देण्यात आले आहे.

मराठी व कन्नड लिहिण्यासाठी

ही बाब मराठी कुटुंबांच्या विशेष अनुभवाची आहे. मराठी टंकलेखनाची जुनी सॉफ्टवेअरे आणि फाँट "फुकट" म्हणून अनोळखी ठिकाणांहून उतरवून घेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि स्पायवेअरला घरात आणणारी ही एक रुळलेली वाट आहे. कारण टंकलेखनाचे सॉफ्टवेअर स्वभावतःच आपण दाबलेली प्रत्येक कळ वाचीत असते, आणि तेच जर खोटे निघाले तर बँकेचा पासवर्डही त्याच्या हाती जातो. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड या दोहोंसाठी इनस्क्रिप्ट व फोनेटिक कळफलक मुळातच आहेत. भाषेच्या सेटिंगमधून ते घ्यावेत. मुलांना शाळेसाठी निराळे कन्नड सॉफ्टवेअर लागलेच तर कन्नड गणक परिषदेचे नुडी विनामूल्य आहे. तेही मूळ ठिकाणाहूनच घ्यावे.

झेरॉक्सचे दुकान आणि पेनड्राइव्ह

सप्तापूरचे क्लास असोत की विद्यानगरचे महाविद्यालय, विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातील संगणकास दिवसाआड लागतोच, आणि त्या संगणकास आधी शेकडो पेनड्राइव्ह लागून गेलेले असतात. तेथे पसरणारा शॉर्टकट व्हायरस आपले खरे फोल्डर लपवितो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर दाबले की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डरही उघडते, त्यामुळे वापरणाऱ्यास संशय येत नाही. यावर उपाय साधा आहे. छपाईसाठी काही शे रुपयांचा एक छोटा पेनड्राइव्ह वेगळा काढावा, त्यात केवळ छापावयाची पीडीएफ प्रत न्यावी, परत आल्यावर तो उघडण्यापूर्वी डिफेंडरकडून तपासून घ्यावा आणि फॉरमॅट करावा. दुकानातील संगणकावर आपले ई-मेल किंवा बँक उघडू नये, आणि घरमालकास वा मध्यस्थास देण्यासाठी आधार कार्डाची प्रत तेथे काढावयाची झाल्यास केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे मास्क्ड आधार चालते काय, हे आधी विचारावे.

संदेश, जो आपल्याला नीट वाचता येत नाही

कन्नड अजून वाचता येत नाही अशा दिवसांत नवागत अंदाजाने बटणे दाबतो, आणि हा काळ सर्वांत जोखमीचा असतो. वीज आज रात्री तोडली जाईल, ताबडतोब अमुक क्रमांकावर फोन करा, असे खोटे संदेश देशभर फिरत असतात. येथे वीज हेस्कॉमची, म्हणून त्यात हेस्कॉमचे नाव आले की ते खरे वाटते. फोन केल्यावर पलीकडचा मनुष्य एनीडेस्कसारखा, दुरून संगणक चालविणारा प्रोग्राम घालावयास सांगतो. हा प्रोग्राम स्वतः व्हायरस नाही, त्यामुळे कोणताही अँटिव्हायरस त्यास अडवीलच असे नाही. त्याला आत घेणारी परवानगी आपणच दिलेली असते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या प्रकाराविषयी बँकांना सावध केले होते. नियम एकच ठेवावा: ज्याने आपणहून फोन केला किंवा संदेश पाठविला, त्याच्या सांगण्यावरून लॅपटॉपवर काहीही घालावयाचे नाही. कन्नड संदेशाचा अर्थ शेजाऱ्यांस विचारावा. येथील माणसे तो आनंदाने सांगतात. शासकीय कामासाठी कर्नाटक शासनाचे सेवा सिंधू हे संकेतस्थळ उघडताना पत्त्याचा शेवट "जीओव्ही डॉट इन" असा आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

न्याहाळकात, म्हणजे ब्राउझरमध्ये, अचानक "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले" असा जो इशारा झळकतो, तो बहुधा आपणच एखाद्या पानास सूचना पाठविण्याची परवानगी दिल्यामुळे येतो. ती परवानगी काढून घ्यावी. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे विनामूल्य विस्तारक घातले तर अशा जाहिरातींचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

पैसा खर्चावयाचा तो येथे

सर्व खबरदारी घेऊनही संकट येऊ शकते, आणि तेव्हा लॅपटॉप पुन्हा घेता येतो, पण प्रबंधाचा मसुदा आणि मुलांची छायाचित्रे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून हाती थोडी रक्कम असेल तर पहिला हक्क बाहेरील हार्डडिस्कचा. महत्त्वाच्या प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक निराळ्या स्थळी, हा नियम पाळावा. दिवाळीस गावी जाताना एक प्रत सांगली-कोल्हापूरच्या घरी ठेवून येणे नवागतांस सहज जमते. प्रत घेऊन झाल्यावर डिस्क लॅपटॉपपासून अलग करावी, कारण खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

संशय आल्यास

लॅपटॉप अकारण मंदावला, न्याहाळकाचे मुखपृष्ठ आपोआप बदलले किंवा डिफेंडर बंद झालेला आढळला, तर प्रथम इंटरनेट तोडावे. मग डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवावी. त्यात लॅपटॉप पुन्हा सुरू होतो आणि सुमारे पंधरा मिनिटे लागतात. ई-मेल व बँक यांचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष साधनावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर एक क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, बँकेस कळवावे, आणि हुबळी-धारवाड पोलीस आयुक्तालयाच्या सायबर गुन्ह्यांच्या ठाण्यात दाखल व्हावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्यापूर्वी रोखता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते.

येथील जुन्या कुटुंबांना सर्वांत अधिक दुःख जर कशाचे होत असेल तर ते एखाद्या विद्यार्थ्याने किंवा नव्याने आलेल्या गृहिणीने लाजेपोटी दोन-दोन दिवस ही गोष्ट मनात दडवून ठेवल्याचे. फसविणाऱ्यांचा तो दिवसभराचा धंदा आहे आणि शिकलेली, सावध माणसेही त्यास बळी पडतात. म्हणून झाले ते त्याच घटकेस सांगावे. मराठी कुटुंबांची घरे या गावात ठिकठिकाणी आहेत, आणि कोणत्याही वेळी दार ठोठावणाऱ्या नवागतास बरोबर घेऊन ठाण्यात जाणे हे ती आपले कर्तव्य मानतात.